आधी समजून घेऊ, मग भांडू

गेल्या बैठकीत एका साथीने तोंडावर विचारलं, ‘आपल्या अंकात इंग्रजी उताऱ्यांवर संपादकीय कशाला? मॅनेजमेंटच्या परीक्षेचा आणि चळवळीचा संबंध काय? मालकांचे मुनीम तयार करायचेत का आपल्याला?’

प्रश्न खोटा नाही. म्हणून उत्तर बैठकीत न देता इथे देतोय. सगळ्यांना वाचता येईल, आणि पटलं नाही तर सगळ्यांना शिव्याही घालता येतील.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. कंत्राटी. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, त्या तुम्ही याच पानांवर वाचल्यात. ज्या परीक्षेबद्दल बोलतोय तिचा फॉर्मही मला भरता येत नाही, त्याला पदवी लागते. पण माझी धाकटी बहीण बी.कॉम. झाली. आमच्या घरातली पहिली पदवी. आणि तिने ठरवलं की कॅट द्यायची. गेले चार महिने, माझी पाळी दिवसाची असेल तेव्हा, रात्री दहा ते पावणेअकरा आमच्या खोलीत परीक्षा चालते. ती मोबाईलवर उतारा वाचते, मी घड्याळ धरतो. आई दाराशी बसून शेजारच्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगते. एवढाच आमचा क्लास.

ही परीक्षा काय चीज आहे ते आधी सांगतो, कारण आपल्या वस्तीतल्या पोरांना ते कोणी सांगत नाही. आयआयएम नावाच्या संस्थांत पदवीच्या पुढचं शिकायचं तर कॅट. पहिल्या दोन आयआयएम, कलकत्ता आणि अहमदाबाद, 1961 सालच्या. नागपूरची 2015 ची. आणि पवईला विहार तलावाजवळची नीटी, 1963 साली निघालेली, ती 2023 साली आयआयएम मुंबई झाली. म्हणजे आमच्या खोलीपासून बसने जाता येईल इतक्या जवळ आहे ती. बसने जाता येतं, आत जाता येत नाही.

परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, संगणकावर, दोन तास. तीन भाग, प्रत्येकाला 40 मिनिटं. एका भागातली उरलेली मिनिटं दुसऱ्या भागाला देता येत नाहीत. पहिला भाग इंग्रजीचा. अलीकडच्या वर्षांत त्यात 24 प्रश्न येतात, त्यांपैकी 16 प्रश्न चार उताऱ्यांवर. बरोबर उत्तराला 3 गुण. पर्यायांतलं उत्तर चुकलं की 1 गुण कापतात. 2025 साली फी होती 2600 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 1300. पदवीला 50 टक्के लागतात, आपल्याला 45. अनुसूचित जातींना जागा 15 टक्के.

हे झालं कागदावरचं. अभ्यासक्रम मात्र कागदावर नाही. उतारा कशावरही येतो. 2019 सालच्या प्रश्नपत्रिकांत एक उतारा पेंग्विनवर होता, की त्याची वरची पिसं भोवतालच्या हवेपेक्षाही थंड असतात. पेंग्विन आपणही पाहिलेत, राणीच्या बागेत, तिकीट काढून. पण पेंग्विनवर इंग्रजीत पाचशे शब्द वाचून दहा मिनिटांत चार प्रश्नांना जबाब देणं हे काम वेगळं.

बहीण पहिल्या आठवड्यात रडली. म्हणाली, ‘दादा, शब्द येतात रे, पण शेवटाला गेले की सुरुवात विसरते. माझं डोकंच कमी आहे.’

मी म्हटलं, ‘डोकं कमी असतं तर भाऊबिजेचा हिशोब वर्षभर लक्षात कसा राहतो गं तुझ्या?’ ती हसली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ‘माझं डोकंच कमी आहे.’ हे वाक्य तिला कोणी शिकवलं? ते आपल्यातल्या किती पोरापोरींनी मनात म्हटलंय, चार पर्यायांसमोर बसून?

माझ्या इंग्रजीची गोष्ट सांगतो. मी इंग्रजी शिकलो ते खोक्यांवर आणि गोण्यांवर. धिस साईड अप. फ्रॅजाईल. ग्रॉस वेट, नेट वेट. कामाला लागलो त्या वर्षी एका गोणीवर तीन शब्द होते, यूज नो हुक्स. मी दोन वाचले. यूज आणि हुक्स. म्हटलं बरोबर आहे, हूक वापरा. लावला हूक. गोणी फाटली, माल धक्क्यावर. मुकादमाने त्या दिवसाची मजुरी कापली. मधला ‘नो’ मला दिसला होता, मी वाचला नव्हता. दिसणं आणि वाचणं यात एका दिवसाच्या मजुरीचा फरक असतो, हे मी तेव्हा शिकलो. कॅटवाले त्यालाच निगेटिव्ह मार्किंग म्हणतात.

म्हणून बहिणीच्या पेपरात ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’, ‘लीस्ट’ असे शब्द आले की मी ओरडतो, ‘हूक!’ ती थांबते. प्रश्न परत वाचते. विचारलेलं असतं, यातलं काय लेखकाने म्हटलेलं नाही. आणि घाईत पोरं म्हटलेलं शोधून टिचकी मारतात. मजुरी कापली.

आता अलादिनचा उतारा. तोही 2019 चाच, जुन्या पेपरातला. जुने पेपर मोबाईलवर फुकट मिळतात, त्याला क्लास लागत नाही. त्या उताऱ्यात हकिगत अशी: अरबी सुरस कथांचं भाषांतर करून युरोपला ओळख करून दिली ती आंत्वान गालां नावाच्या फ्रेंच विद्वानाने. अलादिनची गोष्ट त्याच्याच नावावर खपली. पण गालांने ती छापण्याआधीचं एकही हस्तलिखित कुणाला सापडलेलं नाही. त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की ही गोष्ट आपण अलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या सीरियन माणसाकडून ऐकली. छापील पुस्तकात मात्र दियाबचं नाव नाही. पुढे दियाबने स्वतःच आपला प्रवास लिहून ठेवला. त्यात आपण ही गोष्ट गालांला सांगितल्याचं आहे, स्वतःचे हालाचे दिवस आहेत, आणि व्हर्सायचा राजवाडा पाहून डोळे कसे दिपले तेही आहे. अलादिनच्या गोष्टीतल्या महालाचं वर्णन त्याच्याशी जुळतं. म्हणून अभ्यासक म्हणतात, अलादिन म्हणजे कदाचित दियाबच.

बहीण वाचत होती आणि मी ऐकत होतो. तिने दियाबच्या लहानपणाबद्दलचा एक शब्द विचारला, हार्ड-नॉक्स. डिक्शनरी उघडायला गेली. मी म्हटलं, उघडू नको, पुढचं-मागचं बघ. गरीब पोरगा, परका मुलुख, बड्यांचा राजवाडा. नॉक म्हणजे ठोकणं. ती म्हणाली, ‘टक्केटोणपे!’ बरोबर. त्यासाठी कुठल्या कॉन्व्हेंटात जावं लागलं नाही.

आणि मग ती चुकली. मीच घरगुती प्रश्न केला होता: लेखक गालांबद्दल काय म्हणतो? तिने तडक सांगितलं, ‘चोर म्हणतो. गरिबाची गोष्ट चोरली त्याने.’

माझंही रक्त तापलं होतं. गोष्ट एकाची, नाव दुसऱ्याचं. आपल्या आज्यापणज्यांनी धरणं बांधली, रस्ते बांधले, गिरण्या चालवल्या, जात्यावर ओव्या रचल्या, आणि नाव कुणाचं लागलं? दियाब मला माझ्या टोळीतला माणूस वाटला. पण उतारा परत वाचला. लेखकाने ‘चोर’ हा शब्द कुठेच वापरलेला नाही. तो एवढंच म्हणतो की गालांने छापील भाषांतरांत दियाबला श्रेय दिलं नाही. चोर हा आमचा शब्द. तो खराही असेल. पण तो आमचा आहे, लेखकाचा नाही. आणि प्रश्न लेखकाबद्दल होता.

दोस्तहो, अख्ख्या आकलनाचं मर्म इथे आहे. समोरचा नेमकं काय बोलला, किती बोलला आणि कुठे थांबला, हे त्याच्या शब्दांत पकडायचं. त्यात आपलं दुःख, आपली चीड मिसळायची नाही. निदान त्या 40 मिनिटांपुरती. आपल्या पोरांना हेच जड जातं, आणि ते डोकं कमी असल्यामुळे नव्हे. आपण प्रत्येक गोष्ट अंगावरून वाचतो. जे अंगावरून गेलंय ते बाजूला ठेवून वाचायला कोणी शिकवलेलं नसतं.

पण शिकता येतं. चार महिन्यांत आम्हाला जे उमगलं ते लिहितो, कापून भिंतीला चिकटवा.

एक. शब्द न् शब्द मराठीत आणत बसायचं नाही. प्रत्येक परिच्छेद झाला की थांबून मराठीत एक ओळ म्हणायची. हा काय म्हणाला? ती ओळ म्हणता आली नाही तर परिच्छेद वाचलाच नाही असं धरायचं आणि परत वाचायचा.

दोन. वळणाचे शब्द पकडायचे. ‘बट’, ‘दो’, ‘हाऊएव्हर’, ‘येट’. जहाजाच्या हॅचपाशी उभा माणूस हाताने क्रेनवाल्याला खूण करतो, खाली, थांब, डावीकडे. खूण चुकली की माल कुणाच्या तरी डोक्यावर. उताऱ्यातल्या या खुणा आहेत. अलादिनच्या उताऱ्यात गालांने श्रेय दिलं नाही हे जिथे येतं, तिथे वाक्य ‘दो’ने सुरू होतं. म्हणजे खरा माल पुढे आहे: तरीही दियाबने स्वतः लिहून ठेवलं.

तीन. चुकीचे पर्याय ओळखीचे करून घ्यायचे. त्यांचे प्रकार चारच-पाच असतात. एक, जो लेखकापेक्षा मोठ्याने बोलतो. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘फक्त’ असले शब्द घेऊन येतो. दुसरा, जो जगात खरा आहे पण उताऱ्यात नाही. तिसरा, ज्यात उताऱ्यातलेच शब्द आहेत पण अर्थ उलटा केलाय. चौथा, जो एकाच परिच्छेदाचं सांगतो आणि विचारलेलं असतं सगळ्या उताऱ्याचं. बहीण आता बरोबर उत्तर शोधत नाही. तीन चुकीचे हाकलते आणि उरतो त्याच्याकडे बोट दाखवते.

चार. प्रत्येक चूक वहीत लिहायची. उत्तर काय होतं एवढंच नव्हे, आपण का चुकलो तेही. घाई, ‘नो’ सुटला, की राग आला. तिच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलंय सांगू? ‘राग आला.’

पाच. घड्याळ नंतर. पहिला महिनाभर वेळ मोजायचीच नाही. आधी बरोबर, मग भरभर. गोदीत नव्या माणसालाही पहिल्या दिवशी कोणी पळवत नाही.

आणि ज्याला कॅट झेपेल असं वाटत नाही त्याने राज्याची एमबीएची सीईटी बघावी. तिथेही इंग्रजी उतारे आहेत, पण तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

आता मेरिटवाल्यांकडे वळतो. मी बहिणीला घेऊन एका मोठ्या क्लासात चौकशीला गेलो होतो. काचेचं दार, एसी. टेबलामागच्या बाईंनी फी सांगितली. माझ्या कित्येक महिन्यांची मजुरी. मग त्यांनी कॅटेगरी विचारली. सांगितली. त्या हसून म्हणाल्या, ‘मग तुम्हाला काय टेन्शन, तुमचं थोडक्यात होतं.’ बहीण खाली बघत राहिली. मी काही बोललो नाही. बाहेर येऊन खूप बोललो, पण ते रस्त्याने ऐकलं, बाईंनी नाही.

ज्याच्या घरात सकाळी चहाबरोबर इंग्रजी पेपर पडतो, ज्याचा बाप जेवताना अग्रलेखावर वाद घालतो, ज्याला पाचव्या वर्षी आजीने इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवलं, त्याचा सराव पंधरा-सोळा वर्षांचा असतो. तो परीक्षेला बसतो आणि म्हणतो, मी कधी अभ्यासच केला नाही, मला आपसूक येतं. आपसूक काही येत नसतं, राजा. तुझा सराव तुझ्या घराने केला. आमचा आम्हाला करायचाय, रात्री दहानंतर. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या दारात वाघीण पिढ्यान् पिढ्या बांधलेली होती. सावित्रीबाईंनी हे ओळखलं होतं. 1854 च्या ‘काव्यफुले’त त्यांनी शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिका म्हणून कविता केल्या. दीडशेच्या वर वर्षं झाली. आमची खोली आता कुठे तिथवर पोचली.

आता त्या साथीचा सवाल. मालकांचे मुनीम?

होऊ शकतं. मी खोटं बोलणार नाही. माझी बहीण उद्या आयआयएममधून निघून एखाद्या माल हाताळणाऱ्या कंपनीत साहेब होईल, आणि माझ्यासारख्याच कंत्राटी माणसांची संख्या कमी करण्याच्या कागदावर सही करेल. हे मी तिला विचारलंय. ती म्हणाली, ‘दादा, तो कागद आज कोण लिहितो? आणि तो इंग्रजीत असतो, तुम्ही न वाचता अंगठा देता.’ माझ्याकडे याला पुरतं उत्तर नाही. तिच्याकडेही माझ्या प्रश्नाला नाही. पण तो कागद वाचणारं कुणीतरी आमच्या खोलीत असावं, एवढं दोघांनाही पटतं.

आणि दुसरं. समोरच्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत पकडणं म्हणजे शरण जाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी बाबासाहेबांकडे बघावं. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली, ती न वाचता जाळली नव्हती. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण मंडळाला पेललं नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यावर गांधींनी आक्षेप घेतले. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधींचे आक्षेप आपल्याच पुस्तकात छापले आणि मग त्यांना उत्तर दिलं. प्रतिपक्षाला त्याच्या तोंडून बोलू दिलं. नंतर एकेक मुद्दा घेऊन सोलला. ही ताकद ओरडण्यातून येत नाही. ती नीट वाचण्यातून येते. आपल्यातले कित्येक जण आज समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून पेटतात, आणि मग सभेत आपल्याच माणसाच्या तोंडी नसलेलं घालून त्याची गचांडी धरतात. गेल्या बैठकीत तेच झालं. त्यात मीही होतो.

म्हणून सराव करायचाय तर उतारे परके कशाला? महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचं इंग्रजी लेखन खंडांत छापलंय. 1979 च्या पहिल्याच खंडात 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरचा निबंध आहे आणि ते लाहोरचं न झालेलं भाषणही आहे. त्यातली दोन पानं घ्या. मुख्य मुद्दा काय? दुसऱ्याचं मत कुठे मांडलंय आणि स्वतःचं कुठे सुरू होतं? सूर कसला, रागाचा की उपहासाचा की वकिली? यातून काय निष्कर्ष निघतो आणि काय निघत नाही? यापेक्षा कठीण उतारा कॅटवाले देणार नाहीत. मग पेंग्विन तर पेंग्विन, अलादिन तर अलादिन.

येत्या रविवारपासून वस्तीतल्या विहारात संध्याकाळी सहाला वाचनाचं टेबल मांडतोय. फी नाही. पदवीधरांनी यावं, आणि मॅट्रिकवाल्यांनीही यावं, कारण घड्याळ धरायला माणूस लागतो. घड्याळ धरणाराही शिकतो, हे माझ्यावरून सांगतो. एक वही आणा. ‘माझं डोकंच कमी आहे’ हे वाक्य दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवा.

ज्या साथीने सवाल केला त्याला खास आमंत्रण. माझं हे लिखाण घेऊन ये. मी काय म्हटलं, काय म्हटलेलं नाही, ते आधी माझ्या शब्दांत सांग. मग आपण भांडू. रात्रभर भांडू.

जय भीम.